पावलूच्या टोळीतला बारावा

अकरा वर्षं एकाच कॉलेजात शिकवूनही मेल्विन अजून कंत्राटीच होता. दर जूनला कॉलेज त्याला वर्षभराचं पत्र द्यायचं, तो सही करायचा, आणि फेब्रुवारी उलटला की पुढच्या पत्राच्या काळजीने त्याची झोप उडायची. अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या खांबांना लागून उभ्या असलेल्या त्या सात मजली मॅनेजमेंट कॉलेजात तो स्ट्रॅटेजी शिकवत असे. कुठल्या कंपनीने पुढच्या दहा वर्षांत काय करावं हे तो पोरांना तास तास सांगे, आणि स्वतःच्या पुढच्या जूनचं त्याला काही ठाऊक नसे. दिव्याखाली अंधार असतो, तो असा.

यंदा मात्र एक कायमची जागा निघाली होती, आणि उमेदवार दोनच होते. संचालक शर्मिष्ठा मॅडमनी दोघांनाही सांगितलं होतं की, स्वतःची, इथल्या मातीतली एक केस, म्हणजे वर्गात चर्चेला घ्यायचा एखादा खराखुरा पेच, लिहा. परदेशी कंपन्यांच्या केस शिकवून शिकवून पोरं जांभया द्यायला लागली आहेत. ज्याची केस समितीला पटेल त्याची कॉलेजच्या नव्या पुस्तकात छापू आणि जागाही त्याला देऊ. समितीची बैठक मेच्या पहिल्या शुक्रवारी होती. मेल्विन बेचाळीस वर्षांचा होता, आणि या वेळी हुकलं तर पुन्हा अशी संधी यायची नाही हे कळायला स्ट्रॅटेजीची गरज नव्हती.

त्याने पावलूची टोळी घेतली.

मरोळच्या मागे बाराघर पाखाडी नावाचं जुनं गावठाण आहे. बारा ख्रिस्ती घरं, मधे दगडी क्रूस आणि लोखंडी जाळी टाकून बंद केलेली विहीर. चहूबाजूंनी टॉवर उठले, पण ही बारा घरं तशीच राहिली. मेल्विनचं घर त्यातलंच. पावलूची गोष्ट तिथल्या पोरांना अंगाईसारखी पाठ असते. दीडेकशे वर्षांपूर्वी सरकारने ताडाच्या झाडांवर कर बसवला, झाडागणिक इतका, आणि वसुलीचा मक्ता एका शेठला दिला. पाखाडी सगळी ताडी काढणाऱ्यांची. कर भरता भरता चुली विझल्या, तेव्हा पावलू नावाचा गडी कमरेची कोयती घेऊन बोरिवलीच्या डोंगरात शिरला. प्रत्येक घरातून एक गडी त्याच्यामागे गेला. पावलू धरून बारा. तीन वर्षं ही टोळी मक्तेदाराच्या गाड्या लुटत होती आणि लोकांच्या दारात तांदळाची पोती ठेवत होती. मग एका संध्याकाळी शिपायांनी त्यांना घेरलं, कारण बारांतला एक जण फुटला होता. अकरांना लांब कुठंतरी नेऊन फाशी दिलं, प्रेतं घरच्यांना दिली नाहीत, फाशी कोणाकोणाला दिलं ती नावंही सांगितली नाहीत. बाराव्याला सोडलं म्हणतात, पण तोही घरी परतला नाही. बारा घरांतून बारा माणसं गेली आणि त्यांतला फितूर कोण, हे कोणालाच कळलं नाही.

अजूनही मेच्या पहिल्या रविवारी सगळी पाखाडी क्रूसापुढे जमते. लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटतात, अकरा मेणबत्त्या लागतात. मग सगळे क्रूसाकडे पाठ करून उभे राहतात. कोणीतरी बारावी मेणबत्ती लावतो. कोण लावतो ते बघायचं नाही, आणि ती कोणासाठी ते विचारायचं नाही. मेल्विन लहानपणापासून पाठ करून उभा राहत आला होता. शिकल्यासवरल्यावर त्याला ते भोळंभाबडं वाटायला लागलं होतं, एवढंच.

केस त्याने फार छान लिहिली होती, हे कबूल करायला हवं. टोळीचा माल कुठून येतो, पाखाडीतल्या बाया डोंगराच्या वाटेवर भाकऱ्या कशा पोचवतात, वसईकडची दुसरी टोळी गरिबालाही लुटते म्हणून लोक पावलूवर जीव कसा टाकतात, हे सगळं त्यात होतं. खरी मेख शेवटी होती. तिसऱ्या वर्षी मक्तेदाराने गाड्या बंद केल्या आणि माल खाडीतून होड्यांनी न्यायला सुरुवात केली. पावलूची माणसं ताडावर चढणारी. पाण्यात त्यांचं काही चालेना. आता पावलूने काय करावं? होड्या शिकाव्यात, वसईवाल्यांशी हातमिळवणी करावी, लूट सोडून रस्त्यावर जकात बसवावी, की टोळी मोडून घरी जावं? असा प्रश्न टाकून मेल्विनने केस संपवली होती आणि स्वतःच्या हुशारीवर तो दोन दिवस खूश होता.

शर्मिष्ठा मॅडमनी ती वाचून चष्मा काढला. त्या वाईट बाई नव्हत्या. हुशार होत्या आणि त्यांना आडपडद्याचा कंटाळा होता.

"गोष्ट झकास आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमची टोळी होड्यांमुळे बुडाली नाही मेल्विन, माणूस फुटला म्हणून बुडाली. कोण फुटला, आणि तो आधी ओळखता आला असता का? ते सांगा, म्हणजे ही केस. नाहीतर ही आजीची गोष्ट."

मेल्विनने सांगायला हवं होतं की, मॅडम, ते आमच्यात विचारत नाहीत. ते त्याच्या ओठांवर आलंही. पण 'आमच्यात' म्हटलं की आपण गावठाणातले, आणि कायम जागा मिळवणारे लोक 'आमच्यात' असं म्हणत नाहीत, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. तो म्हणाला, करतो.

आणि त्याने तक्ता केला. बारा नावं आडवी, चार कसोट्या उभ्या, प्रत्येकीला पाच गुण. टोळीत सर्वांत शेवटी कोण आलं? कोणाला घरची ओढ जास्त होती? गावात सारखं कोण जात-येत होतं? टोळीचे बेत कोणाला आधी कळत? इनास शेवटी आलेला, त्याची बायको पोटुशी, आणि भाकऱ्या आणायला डोंगर उतरायचा तोच. इनासला वीसपैकी सतरा गुण पडले. लॉरेन पावलूचा मेव्हणा, त्याच्या उशाशी झोपणारा, सगळे बेत त्याला पाठ; पण लॉरेनला मेल्विनने दिले नऊ. लॉरेन त्याचा खापरपणजोबा होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे तक्त्यातही करता येतं, आणि करताना माणसाला वाटतं आपण शास्त्र करतोय.

इनासचं घर म्हणजे डॅरिलचं घर. पाखाडीत घरं अजून त्या बारांच्याच नावांनी ओळखली जातात. डॅरिल हा मेल्विनचा शाळेपासूनचा दोस्त, आणि डॅरिलची मुलगी मेलनी मेल्विनच्याच वर्गात दुसऱ्या वर्षाला होती. हे सगळं मेल्विनला माहीत होतं. तरी त्याने मंगळवारी, समितीच्या आधी तालीम म्हणून, केस वर्गावर घेतली.

वर्ग असा रंगला की मेल्विन सुखावला. पोरं होड्यांवरून भांडली, जकातीवरून भांडली. मग त्याने तक्ता पडद्यावर टाकला. ओजस नावाचा एक चुणचुणीत मुलगा म्हणाला की इनासला पहिल्याच महिन्यात काढून टाकायला हवं होतं. दुसरा कोणी म्हणाला, भरती करणाऱ्याचीच चूक. वर्ग हसला. मेल्विनही हसला.

मेलनी उभी राहिली. घरी ती त्याला अंकल म्हणायची.

"सर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तर्काने काढलं, असं तो म्हणाला.

"म्हणजे माहीत नाही," ती म्हणाली आणि खाली बसली. तास संपेपर्यंत तिने वहीतून मान वर केली नाही. नंतरच्या तासाला ती नव्हती.

संध्याकाळपर्यंत पडद्यावरच्या तक्त्याचा फोटो पाखाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला. कोणी टाकला कोण जाणे. एरवी त्या ग्रुपवर पाणी गेलं तरी चाळीस मेसेज पडत. त्या दिवशी फोटोखाली एकही शब्द आला नाही. मेल्विन दर दोन मिनिटांनी फोन उघडायचा आणि बंद करायचा. घरातल्या घरात फेऱ्या मारून त्याचे पाय दुखायला लागले.

साडेसातला डॅरिल आला. तो विमानतळावर कार्गोत सुपरवायझर होता. ड्युटीचे कपडे तसेच होते. मेल्विनने भांडणाची तयारी केली होती. केस म्हणजे इतिहास नाही, नावं बदलून देतो, वगैरे. डॅरिल खुर्चीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मेलव्या, तुला कोणी सांगितलं?"

मेल्विन कसोट्या समजावून द्यायला लागला.

"ते सोड रे. माझं लग्न होतं ना, उंबराचं पाणी आणलं त्या दिवशी." लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणून नवऱ्यामुलाला किंवा नवरीला आंघोळ घालतात, त्याबद्दल तो बोलत होता. "डोक्यावर पाणी ओतताना पप्पा कानात बोलले. बारावा आपला होता. इनास. कोणाला बोलू नको, कोणाला हसू नको. बावीस वर्षं मी नाही बोललो, यार. मेलनीला तिच्या लग्नात सांगणार होतो. तुला कसं कळलं?"

आता खोटं कशाला सांगा, त्या क्षणी मेल्विनला आधी आनंद झाला. सतरा गुण. तक्ता बरोबर निघाला होता. आनंद जेमतेम एक श्वासभर टिकला, आणि मग समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्याला दिसला. त्याला लाज वाटली.

डॅरिल उठला. मेलनी कॉलेज बदलायचं म्हणते आहे, रविवारी लदीनला आम्ही येत नाही, एवढं सांगून तो गेला. दारातून त्याने मागे पाहिलंही नाही. दीडशे वर्षांत बाराघर पाखाडीत लदीनला कुठलं घर आलं नाही असं झालेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मेल्विन कार्मेनकाकीकडे गेला. काकी त्याच्या मयत काकांची बायको. मेल्विनचे आईबाप लवकर गेले, तेव्हापासून लॉरेनच्या घरात मोठी म्हणायची तर तीच. मेचे दिवस, वर्षाचा बाटली मसाला करायचं काम चाललेलं. मिरच्या भाजल्याचा ठसका गल्लीच्या तोंडापासून लागत होता. काकीने नाकाला पदर बांधला होता आणि कढईतून हात काढायला तिला सवड नव्हती.

चूक झाली, असं मेल्विनने सांगितलं. नाव घ्यायला नको होतं. पण काकी, खरं निघालं ते. डॅरिल स्वतः म्हणाला.

काकीने गॅस बंद केला. पदर सोडला, साबण लावून हात धुतले, मोरीत पाट मांडला आणि त्याला बस म्हणाली. तो बसला. तिने तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, शर्टासकट. मग वाकून कानाशी तोंड नेलं.

"बारावा आपला होता. लॉरेन. कोणाला बोलू नको, कोणाला हसू नको."

पाणी मेल्विनच्या मानेवरून पाठीत उतरत होतं.

"हे तुझ्या बापाने सांगायचं," काकी म्हणाली. "तो गेला. म्हटलं, लग्नात मी सांगीन. तू लग्न करशील तेव्हा ना. बेचाळीस वर्षांचा घोडा झालास आणि कोरडाच."

पण डॅरिलला तर त्याच्या बापाने इनास सांगितलं, हेच शब्द, हीच वेळ. कोणीतरी खोटं बोलतंय. मेल्विन तसं म्हणाला, आणि काकी त्याच्याकडे बघत राहिली. वर्गात मंद पोराकडे आपण बघतो तसं कोणी आपल्याकडे बघायची ही त्याची पहिलीच वेळ असावी.

"माझं माहेर कुठलं?" तिने विचारलं.

माहेर इनासचं घर. डॅरिलची ती सख्खी आत्या.

"माझ्या लग्नात पाणी घालताना आईने सांगितलं, बारावा आपला, इनास. रात्रभर रडले मी. दुसऱ्या दिवशी चर्चमधून लॉरेनच्या घरात पाऊल टाकलं आणि तुझ्या आजीने कानात सांगितलं, बारावा आपला, लॉरेन. मला वाटलं, म्हातारी चुकली. मग माझी बहीण सायमनच्या घरी दिलेली, तिला विचारलं. तिलाही दोनदा सांगितलेलं. एकदा इनास, एकदा सायमन." काकीने कढईवर झाकण ठेवलं. "घरोघरी मातीच्याच चुली, पोरा. बाप्ये एकाच घरात जन्मतात नि तिथंच मरतात, त्यांना एकच नाव कळतं. बायांना दोन कळतात. दोन कळली की सगळं कळतं."

मग तिने राहिलेलं सांगितलं. फाशीनंतर पाखाडी जळायला लागली होती. हे घर त्या घराकडे बोट दाखवी. विहिरीवर एकीची घागर दुसरी फोडी. एकाच्या पोराला दुसऱ्याच्या पोरांनी दगडांनी इतकं मारलं की त्याचा डोळा गेला. तेव्हा बारा घरांच्या बारा बाया एका दुपारी विहिरीवर भेटल्या, नवरे गमावलेल्या बाया, आणि त्यांनी शपथ घेतली. आपापल्या पोरांना सांगायचं, तो आपला होता. प्रत्येकीने. ज्याला वाटतं पाप आपल्याच घरात आहे, तो दुसऱ्याच्या दारात थुंकत नाही.

"मग खरा कोण होता?"

"मला काय ठाऊक? त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी असं केलं असतं का?" काकीने त्याच्या अंगावर टॉवेल टाकला. "हे बाप्याला सांगायचं नसतं. तू वाट लावलीस म्हणून सांगितलं. आता निस्तर."

तिथून मेल्विनच्या जिवाला जी तगमग लागली ती दोन दिवस थांबली नाही. गुरुवारी कॉलेजात त्याचा तास नव्हता, तरी तो घरी बसला नाही. पाखाडीतून निघाला, मरोळ नाक्यापर्यंत गेला, मेट्रोच्या सावलीतून साकीनाक्याकडे चालत राहिला आणि तिथून परत फिरला. घामाने शर्ट चिकटला. विहिरीच्या जाळीपाशी दोनदा उभा राहिला. आत पाणी होतं, त्यात कोणीतरी टाकलेली प्लास्टिकची बाटली तरंगत होती.

डॅरिलची काळजी त्याला होतीच. पण त्याला चालवत होती ती दुसरीच गोष्ट. पावलूची टोळी तीन वर्षांत बुडाली होती, आणि त्या बारा बायांची मसलत दीडशे वर्षं चालली होती. दोष वाटून घ्यायचा, तोही असा की प्रत्येकाला वाटावं सगळा माझाच आहे. त्यामुळे कोणी कोणाला हिणवत नाही, कोणी फुटत नाही, आणि चहूबाजूंनी बिल्डर घिरट्या घालत असताना बारा घरांतलं एकही घर आजवर विकलं गेलेलं नाही. अकरा वर्षांत शिकवलेल्या एकाही केसमध्ये इतकी जबरदस्त स्ट्रॅटेजी त्याने पाहिली नव्हती. शर्मिष्ठा मॅडम चष्मा काढून उभ्याच राहिल्या असत्या. समितीला फक्त दहा वाक्यं सांगायची होती, आणि जागा त्याची होती.

आणि ती दहा वाक्यं छापली की मसलत संपली. मुलगा लग्नाच्या पाण्याखाली बसेल आणि मनात म्हणेल, हो हो, सगळ्यांनाच सांगतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तर मेल्विनला चौथीपासून पाठ होतं.

शुक्रवारी अकरा वाजता समितीपुढे तो उभा राहिला. मॅडम होत्या आणि बाहेरून आलेले दोन जण. होड्यांपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग तक्त्याची पाळी आली तेव्हा पडदा कोरा होता. तक्ता काढून टाकलाय, असं मेल्विनने सांगितलं. तक्ताच चुकला होता, म्हणाला.

"मग फितूर कोण?" मॅडमनी विचारलं.

"लॉरेन. माझ्याच घरातला. घरचा म्हणून मी त्याला कमी गुण दिले होते."

बाहेरच्यांपैकी एक जण हसला आणि पुरावा काय असं त्याने विचारलं. घरच्यांनी सांगितलंय, मेल्विन म्हणाला. त्या माणसाने कागदावर काहीतरी लिहिलं, छोटंसंच.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर कोपरं टेकली. "मेल्विन, मंगळवारी वर्गात तुमच्याकडे निष्कर्ष होता, मला कळलंय. आज तुम्ही तो मोडताय आणि बदल्यात काहीच देत नाही. तुमच्याकडे काहीतरी आहे आणि तुम्ही ते सांगत नाही आहात. सांगा. ही जागा तुम्हाला मिळावी असं मला वाटतं."

ते खरं होतं, आणि म्हणूनच कठीण होतं. बारा बाया, एक विहीर, एक दुपार. वाक्य जिभेवर तयार होतं. मेल्विनने समोरचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"पावलूने होड्या शिकायला हव्या होत्या," तो म्हणाला. "माझा निष्कर्ष तेवढाच आहे."

शनिवारी दुपारी मेल आला. कायमची जागा दुसऱ्याला मिळाली होती. मेल्विनला नेहमीचं वर्षभराचं पत्र मिळणार होतं, केसमध्ये नवीन काही नसल्याने ती पुस्तकात घेतली नव्हती, आणि खाली शर्मिष्ठा मॅडमनी स्वतःच्या शब्दांत वाईट वाटल्याचं लिहिलं होतं. त्याने तो तीनदा वाचला. मग त्याने पाखाडीचा ग्रुप उघडला आणि टाइप केलं की तक्ता चुकीचा होता, बारावा आमचा, लॉरेन, आणि डॅरिलच्या घराची मी माफी मागतो.

पुन्हा कोणी काही लिहिलं नाही. काकी तेवढी खिडकीतून म्हणाली की हेही बोलायचं नव्हतं, पण असू दे.

रविवारी ऊन कलल्यावर पाखाडी क्रूसापुढे जमली. मेल्विन आधीच जाऊन उभा होता, आणि त्या अर्ध्या तासात त्याला जे अनुभव आले त्यांसाठी तो तयार नव्हता. पेद्रूच्या घरचे म्हातारे एडवर्डअंकल, रेल्वेतून निवृत्त झालेले, कोणाशी फारसं न बोलणारे, त्याच्याजवळ आले. एवढं अंगावर घ्यायला नको होतंस पोरा, असं पुटपुटले आणि डोळे चुकवून निघून गेले. पावलूच्या घरच्या, ज्याला सगळे भाऊ म्हणत, त्याने मेल्विनच्या हातात चण्यांचा दुप्पट मोठा पुडा कोंबला आणि त्याच्याकडे बघितलंच नाही. सायमनच्या घरच्याने नुसताच खांदा दाबला, जरा जास्तच वेळ. त्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं की मेल्विन चुकतोय, आणि तो का चुकतोय हे सांगायची सोय त्यांतल्या एकालाही नव्हती.

लदीन सुरू व्हायच्या बेतात होती तेव्हा इनासच्या घराचं दार उघडलं. डॅरिल पुढे, मागे मेलनी. डॅरिल येऊन मेल्विनच्या शेजारी उभा राहिला.

"जागा गेली ना?" डॅरिलने विचारलं.

"गेली."

"खोटं बोललास माझ्यासाठी."

"नाही रे," मेल्विन म्हणाला. "आमचाच होता. काकीने सांगितलं, पाणी ओतून."

डॅरिलने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला ते पटलं नाही, हे दिसत होतं. आणि आपला दोस्त आपल्यासाठी हे शेवटपर्यंत पटवत राहणार, असंही त्याला वाटलं असावं. त्याने मेल्विनच्या पुड्यातले चार चणे घेतले आणि तोंडात टाकले. मेलनी बापाच्या पलीकडून वाकून म्हणाली, "अंकल, मंगळवारी तास आहे ना?" मेल्विनने मान हलवली.

प्रार्थना झाली. अकरा मेणबत्त्या लागल्या. बारा घरांनी क्रूसाकडे पाठ फिरवली, आणि मेल्विनही वळणार तेवढ्यात काकीने त्याच्या मुठीत काड्यापेटी दिली आणि त्याला मागे ढकललं. दर वर्षी ही मेणबत्ती कोण लावत आलं असेल, हे त्याला आत्ता कळलं. दोन नावं ऐकलेल्या बाया.

तो क्रूसापाशी गेला. काडी ओढण्याआधी त्याने मागे वळून पाहिलं, जे बेचाळीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या पाखाडीच्या पाठी त्याच्याकडे होत्या. पोरं, ज्यांना अजून काही सांगितलेलं नव्हतं, ताठ उभी होती, मेलनीही. पण एडवर्डअंकल, भाऊ, सायमनच्या घरचा, डॅरिल, लग्न झालेला एकूण एक बाप्या मान खाली घालून उभा होता. शेजारच्याला दिसू नये इतकी थोडीशीच, पण प्रत्येकाची.

मेल्विनने काडी पेटवली, मेणबत्ती लावली आणि परत येऊन डॅरिलच्या शेजारी पाठ करून उभा राहिला. मग त्यानेही मान खाली घातली.